रिंगवरचं नाव सगळ्यात शेवटी

जुनी लेन्स हातात आली की तिच्या तोंडावरच्या रिंगवर कोरलेलं नाव मी सगळ्यात शेवटी वाचतो. आधी ती पालथी करतो. मागचे आटे बघतो, कॅमेऱ्यातल्या दांडीला टेकणारी कड बोटाने चाचपतो, छिद्राची पाती उघडमीट करतो, मग टॉर्च लावून काचेतली प्रतिबिंबं मोजतो. हे सगळं एकमेकांशी जुळलं तरच नावाकडे वळतो. समोर बसलेला माणूस तोवर अस्वस्थ झालेला असतो. ‘‘अहो, त्यावर लिहिलंय ना, कार्ल झाइस म्हणून!’’ लिहिलेलं असतंच. पण नाव हा लेन्सचा सगळ्यात स्वस्त भाग आहे. पातळशी रिंग, कोरायचं यंत्र आणि अक्षरांत भरायला चिमूटभर रंग, एवढ्यावर ते बदलता येतं. आतली काच बदलणं कोणालाच परवडत नाही.

हे मला शिकवलं ते फोर्टातल्या एका जुन्या मेकॅनिकने. बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं आहेत, त्यांच्या मागच्या एका माडीवर त्यांचं टेबल होतं. सगळे त्यांना चाचा म्हणत. मी नाव वाचून बोलायला लागलो की ते लेन्स माझ्या हातातून काढून घेत आणि उलटी करून परत देत. ‘‘नाम बाद में. पहले हड्डी देख.’’ आज माझ्याकडे वारसाहक्काने आलेले कॅमेरे येतात, चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर घेतलेले येतात, परदेशातून कुरिअरने मागवलेले येतात. बहुतेक रेंजफाइंडरच. म्हणजे ज्यांच्या खिडकीत एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात आणि लेन्स फिरवत त्या एकमेकींवर आणून बसवल्या की फोकस झाला असं समजायचं. त्या प्रतिमा हलवण्याचं काम लेन्सची मागची कड करते. म्हणून तिच्याकडे आधी बघायचं.

आटे बघायचे तेही कारणाने. वेट्झलारच्या लाइत्स कंपनीने १९२५ साली लायपझिगच्या जत्रेत लायका बाजारात आणला, आणि पुढे लेन्स काढता-घालता येऊ लागली तेव्हा तिला ३९ मिलिमीटर व्यासाचे आटे दिले, इंचाला २६. कॅमेरा जर्मन, व्यास मिलिमीटरात आणि आट्यांचं माप मात्र इंचात. लाइत्स मुळात मायक्रोस्कोप बनवणारी कंपनी, आणि मायक्रोस्कोपच्या भिंगांचे आटे त्या काळी इंग्रजी मापाचेच असत. पुढे अर्ध्या जगाने हे आटे उचलले. रशियाने, जपानने, इंग्लंडने. त्यामुळे आटे बसले म्हणून लेन्स लायकाची असं होत नाही. पण ती कोणत्या कुळातली ते तिथून शोधायला लागायचं.

टॉर्चचं काम मला सगळ्यात प्रिय आहे. खोलीतला दिवा मालवायचा आणि टॉर्च लेन्ससमोर जराशी तिरकी धरायची. काच आणि हवा जिथे भेटतात त्या प्रत्येक पृष्ठभागावर एक ठळक ठिपका उमटतो. दोन भिंगं एकमेकांना चिकटवलेली असतील तर त्या सांध्यावरचा ठिपका अगदी फिका, असून नसल्यासारखा. टॉर्च हलवली की काही ठिपके तिच्या बरोबर सरकतात, काही उलट दिशेने. ते सावकाश मोजायचे. लाइत्सच्या ५० मिलिमीटरच्या एल्मारमध्ये चार भिंगं, तीन गट. म्हणजे सहा ठळक ठिपके आणि एक फिका. सुमितारमध्ये सात भिंगं चार गटांत, आठ ठळक. झाइसच्या एफ २ झोनारमध्ये सहा भिंगं असूनही ठळक ठिपके सहाच आणि फिके तीन. एफ १.५ च्या झोनारमध्ये भिंगं सात, ठळक तरीही सहा, फिके चार.

झोनारचं हे गणित पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चाचांना तीन-तीनदा टॉर्च धरायला लावली होती. लुडविग बेर्टेले या माणसाने ती रचना केली. झाइस इकॉनने १९३२ साली लायकाच्या स्पर्धेत कॉन्टॅक्स आणला, त्याच्यासाठी. त्या काळी भिंगांवर लेप नव्हते. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावर चार-पाच टक्के प्रकाश परत फिरायचा, आणि तो नुसता वाया गेला असता तरी चाललं असतं. पण तो आतल्या आत आपटत फिल्मवर येऊन पसरायचा आणि चित्रातला काळा भाग राखाडी करून टाकायचा. मोठ्या छिद्राच्या इतर लेन्सना आठ उघडे पृष्ठभाग होते. बेर्टेलेने मधली हवाच काढून टाकली. जिथे मोकळी जागा असायची तिथे कमी वक्रीभवनाच्या काचेचं भिंग भरलं आणि तीन भिंगं एकत्र चिकटवली. पृष्ठभाग सहावर आले. मंद उजेडात फोटो काढता येईल इतकं छिद्र मोठं आणि तरीही काळा रंग काळाच. पुढे झाइसच्याच अलेक्झांडर स्माकुलाने काचेवरच्या लेपाचं १९३५ साली पेटंट घेतलं, लेप दिलेल्या लेन्सवर लाल ‘टी’ कोरला जाऊ लागला, आणि बेर्टेलेची ती अडचण हळूहळू उरली नाही. पण अंधाऱ्या खोलीत ते सहा ठिपके मोजताना एका माणसाने अडचणीवर कशी मात केली ते डोळ्यांसमोर उभं राहतं. मला त्याचं अप्रूप अजून संपलेलं नाही.

खऱ्या-खोट्याचा घोळ सुरू होतो तो युद्धानंतर. येना हे झाइसचं गाव सोव्हिएत ताब्यात गेलं आणि युद्धभरपाई म्हणून कॉन्टॅक्सची यंत्रं, साचे, आराखडे, काचेचे साठे पूर्वेकडे रवाना झाले. कॅमेरा कीव्हमधल्या आर्सेनाल कारखान्यात बनू लागला आणि त्याचं नावही कीव्ह पडलं. लेन्स मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमध्ये. सुरुवातीच्या लेन्समध्ये काचसुद्धा जर्मनीतून आणलेलीच होती. ती संपत आली तेव्हा सोव्हिएत काचेसाठी सगळं गणित नव्याने मांडलं गेलं आणि लेन्सला ज्युपिटर हे नाव मिळालं. एफ २ चा झोनार झाला ज्युपिटर-८, एफ १.५ चा ज्युपिटर-३, ८५ मिलिमीटरचा ज्युपिटर-९, आणि ३५ मिलिमीटरचा बिओगॉन झाला ज्युपिटर-१२, ज्याचं मागचं भिंग इतकं बाहेर आलेलं असतं की टेबलावर ठेवताना आपलाच हात थांबतो.

या लेन्सना कोणी ‘रशियन डुप्लिकेट’ म्हणून बाजूला सारलं की मला मनापासून वाईट वाटतं. ती नक्कल आहे, पण चोरून केलेली नाही. कारखान्याने तिच्यावर स्वतःचं नाव कोरलं आहे, प्रिझममधून वळणाऱ्या किरणाचं स्वतःचं चिन्ह कोरलं आहे. काचेवर लेप आहे हे सांगायला झाइसचा ‘टी’ न घेता रशियन ‘प’ अक्षर लाल रंगात घातलं आहे. पन्नाशीच्या दशकापासून तर नंबरातले पहिले दोन आकडे म्हणजे थेट निर्मितीचं वर्ष. इतकी उघड जन्मपत्रिका लाइत्सनेही आपल्या लेन्सवर लिहिली नाही. त्या काळात इतरांनीही अशी उघड नक्कल केली होती. इंग्लंडमध्ये लेस्टरच्या रीड अँड सिग्रिस्टने लायकाची हुबेहूब प्रत काढली आणि तिला टेलर-हॉब्सनची लेन्स लावली. तिला आज लोक आदराने हाताळतात.

पवईच्या आयआयटीत अनेक वर्षं नोकरी केलेल्या एका गृहस्थांची मुलगी त्यांच्या मागे त्यांचा कॅमेरा घेऊन आली होती. झोर्की-४ आणि त्यावर ज्युपिटर-८. आयआयटी मुंबई १९५८ साली युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीवर उभी राहिली. तिकडून यंत्रं आली तशी माणसंही आली. त्यांच्यापैकीच एकाने परत जाताना हा कॅमेरा वडिलांना दिला, असं घरात सांगत. मुलीला कोणीतरी म्हटलं होतं, लायकाची नक्कल आहे, शंभर-दोनशे देईल भंगारवाला. नंबर ६१ ने सुरू होत होता. आतल्या कडांवर बुरशीची जाळी होती, मुंबईच्या चार पावसाळ्यांत कपाटात ठेवलेल्या कुठल्याही लेन्सला येते तशी. पण चिकटवलेला सांधा शाबूत होता, भिंगं चिकटवणारं कॅनडा बाल्सम कुठे सुटलेलं नव्हतं. मी तिला दिवा मालवून ठिपके दाखवले. ‘‘ताई, हे सहा ठळक दिसतात ना? ही रचना झाइसची. ही काच क्रास्नोगोर्स्कची. आणि हे आकडे १९६१ चे. यात खोटं काहीच नाही.’’ तिने कॅमेरा विकला नाही. बुरशी मी काढून दिली. लेपावर तिचे पुसट डाग मात्र राहिले, ते कोणीच काढू शकत नाही.

याउलट ज्या वस्तू पाहून संताप येतो त्या बहुतेक एल्मारच्या रूपात येतात. एका तरुणाने आणलेला नग डोळ्यांसमोरून जात नाही. पितळी, सोनेरी मुलामा, वर गरुड आणि स्वस्तिक, बर्लिन ऑलिंपिक १९३६ असं कोरलेलं, आणि लेन्सवर एर्न्स्ट लाइत्स वेट्झलार, एल्मार. लेन्स काढून मी आत बघितलं. लायकाच्या आत रेंजफाइंडरच्या दांडीच्या टोकाला गोल चकती असते, लेन्सची कड तिच्यावरून फिरते. इथे त्रिकोणी पाचर होती. ती फेड आणि झोर्की या सोव्हिएत कॅमेऱ्यांची खूण.

मग लेन्स. एल्मारची पाती पहिल्या भिंगाच्या लगेच मागे असतात, पहिल्या आणि दुसऱ्या भिंगाच्या मध्ये. ही माक्स बेरेकची रचना. रशियन इंडुस्टार टेसार या जुन्या रचनेच्या वळणावर बनवलेली, तिची पाती दुसऱ्या आणि तिसऱ्या भिंगांमध्ये. समोरून पाहिलं तर एल्मारची पाती अगदी उथळ दिसतात, इंडुस्टारची एक पायरी खोल. ही एवढीच खूण पुरेशी आहे आणि ती कोणालाही झाकता येत नाही. त्यावर आणखी ताळा हवा असेल तर छिद्राचे आकडे वाचावेत. युद्धाआधीच्या एल्मारवर ३.५, ४.५, ६.३, ९, १२.५, १८ अशी जुनी मोजपट्टी असते. युद्धाआधीचा म्हणवणाऱ्या नगावर ४, ५.६, ८, ११, १६ दिसले की समजायचं, ही इंडुस्टार-२२ आहे आणि तिच्यावर वेट्झलारचं नाव नंतर आलं आहे. मात्र उलट बाजूने हा ताळा चालत नाही. जुन्या फेडवरही ४.५, ६.३ चीच मोजपट्टी असते. म्हणून पात्यांची जागा बघितल्याशिवाय मी बोलत नाही.

त्या तरुणाला पैसे बुडाल्याचं दुःख होतं. मला दुसरंच काही टोचत होतं. फेड कॅमेरा खारकीव्हच्या एका वसाहतीत बनत असे. रस्त्यावर वाढलेल्या, बेघर मुलांसाठी ती वसाहत उभी केली होती आणि अंतोन माकारेंको त्यांचा शिक्षक होता. फेलिक्स एद्मुंदोविच जेर्झिन्स्कीच्या नावाची आद्याक्षरं म्हणजे फेड. १९३४ पासून त्या मुलांनी लायकाची प्रत हाताने बनवली, इतक्या बारीक मापांत. झोर्की त्याच घराण्यातला, पुढे क्रास्नोगोर्स्कमध्ये बनलेला. पुढे कधीतरी कोणी अशा कॅमेऱ्यावरचं नाव घासून काढलं आणि त्या जागी नाझी गरुड बसवला, कारण गरुडाला गिऱ्हाईक जास्त. सोव्हिएत कॅमेऱ्यावर स्वस्तिक! ज्या देशावर त्या चिन्हाखाली सैन्य चालून गेलं, त्या देशातल्या हातांनी बनवलेल्या वस्तूवर. मी तो कॅमेरा दुरुस्त करायला नकार दिला नाही. शटरचा पडदा बदलून दिला. पण बिलावर लायका लिहायला नकार दिला.

जपानी लेन्स ओळखायला सोप्या, कारण त्या स्वतःहून बोलतात. निप्पॉन कोगाकुच्या निक्कॉरवर नावापुढे एक अक्षर असतं. ‘क्यू’ म्हणजे चार भिंगं, ‘पी’ म्हणजे पाच, ‘एच’ सहा, ‘एस’ सात. आणि ‘सी’ म्हणजे लेप. अक्षर वाचायचं, टॉर्च लावायची, मोजायचं. निक्कॉर एच-सी, ५ सेंटिमीटर, एफ २: सहा भिंगं, आणि ठळक ठिपके पुन्हा सहाच. बेर्टेलेची रचना इथेही पोचलेली. काहींवर ‘ऑक्युपाइड जपान’ असंही कोरलेलं सापडतं, अमेरिकी ताब्यातल्या वर्षांतलं. १९५० साली टोकियोत जुन मिकी या छायाचित्रकाराने लाइफ मासिकाच्या डेव्हिड डग्लस डंकनचा फोटो ८.५ सेंटिमीटरच्या निक्कॉरने काढला. प्रिंट बघून डंकन थक्क झाला. त्याने आपल्या लायकांवर निक्कॉर चढवल्या आणि कोरियाच्या युद्धात नेल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूयॉर्क टाइम्सने या लेन्सबद्दल लिहिलं. तोपर्यंत जपानी लेन्स म्हणजे स्वस्त नक्कल असंच बाहेर समजत. कोणाची नक्कल कधी अस्सल मानली जाईल हे असं ठरतं, आणि क्रास्नोगोर्स्कला तसा डंकन भेटला नाही, एवढाच मला त्यात फरक दिसतो.

गेल्या वर्षी पुण्याचा एक छायाचित्रकार आला. लग्नाचे फोटो काढून पोट भरतो, फिल्मवरचं काम आवडीचं. त्याच्याकडे लायका होता, खरा, आणि त्यावर कार्ल झाइस येना झोनार, ५ सेंटिमीटर, एफ १.५, लाल ‘टी’ सकट. परदेशातून मागवलेला. तक्रार अशी की दूरचं सगळं लख्ख येतं, पण जवळचा चेहरा पूर्ण उघड्या छिद्रावर घेतला की खिडकीत प्रतिमा जुळूनही डोळे मऊ येतात. ‘‘सर, लायकाचं काही बिघडलंय का?’’

ती तक्रार ऐकतानाच अंदाज आला. लाइत्सने आपली रेंजफाइंडरची यंत्रणा ५१.६ मिलिमीटर नाभीय अंतर धरून आखली. सोव्हिएत लेन्स ५२.४ धरून बनवल्या. ०.८ मिलिमीटरचा फरक. अनंतावर जुळवून घेता येतो, पण जवळ आलं की वाढत जातो आणि एफ १.५ वर लपत नाही. लाइत्सच्या आट्यांचे झोनार येनाने युद्धकाळात खरोखर बनवले होते, थोडे. म्हणूनच तर त्यांच्या नावाला भाव आणि म्हणूनच ज्युपिटरवर ते नाव चढवण्याचा उद्योग. ठिपके मोजून इथे काही कळत नाही, रचना दोघींची एकच. मी लेन्सचा काचेचा गाभा नळकांड्यातून उलगडून काढला. आतल्या धातूवर कारागिराने सुईने खरवडलेले आकडे होते, रशियन वळणाचे, आणि ते रिंगवरच्या नंबराशी कुठेच जुळत नव्हते. रिंगचा काळा रंग बाकीच्या धातूपेक्षा ताजा होता आणि अक्षरांच्या कडा भिंगाखाली फाटक्या दिसत होत्या. ज्युपिटर-३.

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘म्हणजे मी काढलेले फोटो…’’ मी म्हटलं, ‘‘फोटो याच काचेने काढलेत. ते आवडले होते ना?’’ आवडले होते. म्हणून आम्ही पुढचं काम ठरवलं. गाभ्याखालची चकती बदलून फोकस जवळच्या अंतरासाठी जुळवला. दूरचं तो नेहमी छिद्र लहान करूनच घेतो, तिथे फरक फोकसच्या खोलीत मुरून जातो. दोन रोल काढून झाल्यावर पापण्यांचे केस मोजता येतील इतके स्पष्ट चेहरे आले.

राहिली ती रिंग. त्याला ती खोटी रिंग नको होती. माझ्याकडे काच फुटलेल्या एका ज्युपिटर-३ ची रिंग पडून होती, नाव, चिन्ह, लाल ‘प’, सगळं असलेली. ती बसली असती. त्याने ती हातात घेऊन पाहिली आणि विचारलं, ‘‘पण हा नंबर माझ्या लेन्सचा नाही ना?’’ नव्हता. तो दुसऱ्या लेन्सचा होता, दुसऱ्या वर्षाचा. ती लावली असती तर पुढच्या माणसाने पहिले दोन आकडे वाचून पुन्हा चुकीचं वर्ष सांगितलं असतं, आणि या वेळी ते खोटं माझ्या टेबलावरून गेलं असतं. शेवटी खराद्याकडून त्याच मापाची कोरी रिंग करवून घेतली, काळी, एकही अक्षर नसलेली. बिलावर लिहिलं: ज्युपिटर-३, एफ १.५, लाइत्स आटे, नंबर उपलब्ध नाही, फोकस जवळच्या अंतरासाठी जुळवला. येनाची म्हणून आलेली रिंग वेगळ्या पाकिटात घालून त्याला परत दिली आणि पाकिटावर ती कशावरून काढली ते लिहिलं. विकणाऱ्याशी भांडताना त्याला ती लागणार होती.